प्रकाश भिंतीवरून येऊ द्यावा

घरातील समारंभांची छायाचित्रे काढायला लागलो तेव्हा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ माणसांच्या तोंडावर उडवण्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. त्या छायाचित्रांत नाक आणि कपाळ चकाकत असे, मागच्या भिंतीवर काळी, रेखीव सावली उमटत असे आणि मागे बसलेली माणसे अंधारात बुडून जात. उपाय म्हणून मी फ्लॅशवर बसणारी पांढऱ्या प्लास्टिकची टोपी, म्हणजे डिफ्यूझर, विकत घेतली आणि ती लावून फ्लॅश पुन्हा समोरच रोखला. सावली जवळजवळ तेवढीच कडक राहिली. असे का झाले हे उमगल्यावर माझी काम करण्याची रीतच बदलली.

प्रकाश मऊ की कडक, हे चेहऱ्याच्या जागेवरून पाहिल्यास प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो यावर ठरते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण तो १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने आकाशात जेमतेम अर्धा अंश भरतो, म्हणून उन्हातली सावली रेखीव पडते. ढग आले की सारे आकाशच स्रोत होते आणि सावली विरघळते. फ्लॅशचे तोंड सात-साडेसात सेंटिमीटर रुंद असते आणि ३ मीटरवरून ते सुमारे दीड अंशाचे दिसते. टोपीने त्यात काही सेंटिमीटरच वाढतात. तोच फ्लॅश छताकडे किंवा भिंतीकडे वळवला, तर तिथे उजळणारा मीटर-दीड मीटरचा पट्टा हाच खरा दिवा होतो. टोपी उपयोगी पडते ती लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, कारण ती प्रकाश चारी बाजूंना उधळते आणि तो भिंतींवरून परततो. मोठ्या सभागृहात किंवा उघड्यावर उधळलेला प्रकाश परत येतच नाही. तिथे टोपी लावणे म्हणजे बॅटरी वाया घालवणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मऊपणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मी दिशेला देतो. फ्लॅश सरळ वर केला तर प्रकाश डोक्यावरून उतरतो, डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावल्या साचतात आणि हसरा माणूसही थकलेला दिसतो. म्हणून खोलीत शिरल्यावर मी आधी भिंती पाहतो. माणसाच्या एका बाजूला आणि थोडी पुढे एखादी फिकट भिंत असेल, तर फ्लॅशचे डोके तिच्याकडे, किंचित वर झुकवून वळवतो. प्रकाश खिडकीतून यावा तसा एका गालावरून दुसऱ्या गालाकडे उतरत जातो आणि चेहऱ्याला घडण मिळते. समोर जवळ भिंत नसेल, तर फ्लॅश माझ्याच खांद्यावरून मागे वळवतो. फ्लॅशचा थेट झोत चुकूनही चेहऱ्यावर पडता कामा नये, कारण तेवढ्याने कडक सावली परत येते. त्यासाठी फ्लॅशच्या कडेला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी रबराने बांधतो. छतावरूनच प्रकाश घ्यावा लागला, तर फ्लॅशमागे छोटे पांढरे कार्ड उभे करतो, म्हणजे त्यावरून थोडा प्रकाश समोर येऊन डोळ्यांत चमक उतरते.

याची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते. समजा, माणूस ३ मीटरवर आहे आणि छत फ्लॅशपासून दीड मीटर वर आहे. छतावरून येणाऱ्या प्रकाशाला सुमारे सव्वाचार मीटर प्रवास करावा लागतो, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश घटत असल्याने एवढ्यानेच तो निम्मा होतो; छत जे शोषते आणि इतरत्र पसरवते, ते धरून एकूण घट दोन-तीन स्टॉपची होते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). म्हणून मी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ८००, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/४ आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/१२५ सेकंद इथून सुरुवात करतो. आयएसओ १०० वरून ८०० वर गेल्याने तीन स्टॉप परत मिळतात, फ्लॅशला पूर्ण ताकद लावावी लागत नाही आणि तो पुढच्या क्षणासाठी लवकर तयार होतो. खोलीतल्या दिव्यांचा उजेड अधिक हवा असल्यास शटर १/६० पर्यंत आणतो.

भिंतीचा रंग मात्र विसरू नये. एकदा हिरवट भिंतीवरून प्रकाश घेतला आणि सगळ्यांची त्वचा आजारी माणसासारखी दिसली. नंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे छायाचित्रातला रंगांचा तोल, बदलून चेहरे सुधारले, तर पलीकडचे पांढरे कपडे गुलाबी झाले. तेव्हापासून रंगीत भिंत असेल तिथे मी पांढऱ्या छताकडेच वळतो, आणि छतही लाकडी किंवा फार उंच असेल, तर कोणाला तरी मोठा पांढरा पुठ्ठा धरायला सांगतो. पिवळ्या बल्बच्या खोलीत फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावल्याने माणूस आणि मागची खोली एकाच उजेडातली वाटतात.

चष्मा घातलेल्या माणसांसाठीही बाजूची भिंत बरी. प्रकाश ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परावर्तित होतो, त्यामुळे भिंत पुरेशी कडेला असेल तर चकाकी कॅमेऱ्याकडे येत नाही; तरीही आली, तर मी त्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगतो आणि स्वतः एक पाऊल बाजूला सरकतो.