खरबुजाचं पान उलटून बघायला उशीर केला

फळं लिंबाएवढी झाली तेव्हा बुडाजवळच्या जुन्या पानांवर पिवळे डाग दिसले. भुरी असणार म्हणून मी गंधक फवारून मोकळा झालो. खरं तर भुरी पांढरी, पिठासारखी असते, बोट फिरवलं की बोटाला लागते. माझ्या पानांवर पिठाचा कणही नव्हता! त्यात फवारणी भर उन्हात. पारा 32 अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर खरबुजाची पानं होरपळतात. दोन दिवसांत कडा करपल्या, मग रोगाचे डाग कुठले आणि माझे कुठले हेच कळेना.

केवड्याचा, म्हणजे पानांवर पिवळे डाग आणि खालून लव आणणाऱ्या रोगाचा, संशय आला नाही, कारण काकडीवरचा केवडा डोळ्यांत बसलेला. तिथे डाग शिरांच्या चौकटीत अडकतात, कोपरेदार दिसतात. खरबुजावर कडा तितक्या सरळ नसतात, डाग वेडावाकडा पसरतो. शेवटी एक डागाळलेलं पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवलं. सकाळी उलटून बघितलं तर नेमकी डागाखाली करड्या-जांभळट रंगाची लव! दव सुकायच्या आत वेलीवरही तीच दिसली. दुपारी मात्र शोधूनही सापडेना.

केवडा खऱ्या बुरशीत मोडतच नाही, त्यामुळे भुरीवरची बहुतेक औषधं त्याच्यावर वाया जातात. मग केवड्यासाठीचं आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारं) औषध आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लेबलवरच्या मात्रेनंच, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गटातलं, म्हणजे वेगळ्या पद्धतीनं काम करणारं औषध. एकाच गटाला हा रोग लवकर दाद देईनासा होतो. फवारा पानांच्या खालून बसेल असा नोझल वर वळवून मारला; कंबरेचं काय झालं ते विचारू नका. तुषार सिंचन बंद करून पाणी थेट बुडाशी दिलं, कारण रात्रभर ओलं राहिलेलं पान म्हणजे केवड्याला आमंत्रणच.

डाग पडलेली पानं काही पुन्हा हिरवी झाली नाहीत. नवे शेंडे स्वच्छ निघाले, एवढंच बघत राहिलो. पानं गेली तिथली फळं उन्हानं भाजली, उरलेल्यांना गोडी बेताचीच.

केवडा जिवंत वेलीवरच तगतो हे कळल्यावर आजूबाजूला शोधलं. बांधाच्या कडेला आपोआप उगवलेली काकडी होती, खालपासून शेंड्यापर्यंत पिवळी. महिनाभर मी तिच्या शेजारूनच ये-जा करत होतो.