शेडमधल्या डीबीची अर्थिंग: रॉड ठोकला म्हणजे झालं असं नाही

घरापासून वेगळ्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये डीबी (वीज वाटून देणारी पेटी) बसवताना हमखास एक चूक होते: फेज आणि न्यूट्रल एवढंच ओढायचं, शेडजवळ अर्थ रॉड ठोकायचा आणि अर्थिंग झाली म्हणायचं.

आता हिशोब बघा. रॉडचा जमिनीशी रोध २५ ओहम धरला, तर २३० व्होल्टला फॉल्ट करंट (फेज मशीनच्या बॉडीला लागल्यावर अर्थमधून वाहणारा करंट) जेमतेम ९ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) त्यावर पडणारच नाही आणि मशीनची बॉडी जिवंत राहील. मुख्य डीबीपासून तांब्याची अर्थ वायर आणली आणि फॉल्टच्या पूर्ण वाटेचा रोध अर्धा ओहम भरला, तर तोच करंट ४६० अँपिअर होतो. एमसीबी क्षणात पडते.

म्हणून सिंगल फेजला तीन कोअरची (तीन वायरींची) केबल, थ्री फेजला पाच. फेज वायर १६ चौरस मिमीपर्यंत असेल तर अर्थ तेवढ्याच जाडीची. वायर ओढणं शक्यच नसेल तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (करंटची गळती पकडून सप्लाय तोडणारा स्विच) सप्लाय चालू करू नका.

दुसरी चूक शेडच्या डीबीत होते, आणि ती जास्त छुपी असते. न्यूट्रल आणि अर्थ इथे जोडायचे नाहीत. तो जोड पुरवठ्याच्या मुळाशी, एकदाच. इथेही जोडलात तर लोडचा परतीचा करंट अर्थ वायरमधूनही वाहतो, आणि फीडरचा (मुख्य डीबीकडून येणाऱ्या केबलचा) न्यूट्रल तुटला की सगळाच तिथून जातो. त्यात अर्थचा जोडही ढिला असेल तर डीबीचं दार हात लावण्याच्या लायकीचं राहत नाही. न्यूट्रल बार (सगळ्या न्यूट्रल वायरी कसायचा धातूचा बार) इन्सुलेटरवर बसलेला हवा. काही डीबींत दोन बार जोडणारी पट्टी किंवा स्क्रू आधीच असतो, तो काढा. अर्थ बार मात्र थेट पत्र्यावर कसायचा, आणि त्याखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा. रंगावर कसलेला स्क्रू घट्ट लागतो, पण जोड भरवशाचा होत नाही.

रॉड हवाच, पण वायरच्या जोडीला. त्याची तार अर्थ बारवर आणा. दोन रॉड असतील तर त्यांच्यात किमान एका रॉडच्या लांबीइतकं अंतर ठेवा.

तपासणी सोपी आहे. मुख्य डीबीतला मेन बंद करा, सप्लाय नाही याची टेस्टरवर न विसंबता मीटरने खात्री करा, शेडच्या डीबीतून फीडरचा न्यूट्रल सोडवा आणि न्यूट्रल बार ते अर्थ बार मीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून मोजा. मीटरची शिट्टी वाजली तर जोड कुठेतरी राहिलाय. पट्टी काढलेली असेल तर आधी सॉकेट उघडून बघा, न्यूट्रल आणि अर्थ वायरींची अदलाबदल बहुतेकदा तिथेच झालेली असते.