प्रसिद्धिपत्रक मंजूर!

आज धुळ्याच्या घरातून, वाय-फायची मानकं ठरवणाऱ्या गटाच्या ऑनलाइन बैठकीत, ८०२.११बीएन या नव्या मानकाच्या प्रसिद्धिपत्रकाच्या बाजूनं हात वर केला. म्हणजे येऊ घातलेलं वाय-फाय ८. यंदा कमाल वेगाची फुशारकी नाही, भर भरवशावर. वाय-फाय ७ च्या तुलनेत तेवढ्याच सिग्नलमध्ये थ्रूपुट, म्हणजे दर सेकंदाला प्रत्यक्ष पोचणारा डेटा, २५ टक्के जास्त, विलंब आणि गहाळ होणारी डेटाची पॅकेट्स २५ टक्के कमी. पण हे सगळं उद्दिष्ट आहे, अजून हाती आलेलं नाही. पत्रकात तसं स्पष्ट लिहिलंय, म्हणूनच मत दिलं. जुनं ८०२.११एन, म्हणजे वाय-फाय ४, मंजूर झालं २००९ मध्ये, मसुद्यावर बेतलेले राउटर मात्र त्याआधीच दुकानात. विकणाऱ्यांना कुठला धीर!

आईनं विचारलं, "हाई काय शे?"

म्हटलं, कॉलवर बोलत माडीवर गेलीस तरी आवाज तुटू नये, त्याची खटपट.

"पहिले ते लाइट जावाले नको!"

त्यावर आमच्याकडे ठराव नाही.