परीक्षेला बँकॉक!

बँकॉकला परीक्षेला चाललोय असं सांगितलं की कोल्हापुरात समोरचा माणूस आधी हसतो, मग डोळा मारतो. "परीक्षा व्हय? आमाला खुळ्यात काढतोस व्हय रं?" शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत मोल्डिंगवाल्यांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी माझी यथेच्छ उडवून घेतली. रजेच्या अर्जावर कारण 'जपानी भाषेची परीक्षा' आणि ठिकाण 'बँकॉक' वाचून साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसतंच बघितलं. प्रवेशपत्र पुढं केलं तेव्हा कुठं सही झाली.

खरं कारण अगदीच रुक्ष होतं. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा 1984 पासून होते. तिच्या पातळ्यांत एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. जुलै आणि डिसेंबरातला पहिला रविवार हे तिचे ठरलेले दिवस. आम्हाला जवळचं केंद्र म्हणजे पुणं. पण पुण्यात जपानी शिकणारे उदंड आणि जागा मोजक्या. माझा नंबर लागेपर्यंत एन-टूच्या जागा संपल्या होत्या. जुलैपर्यंत थांबता आलं असतं, पण आमचं कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, घेणारा एक ग्राहक जपानी आहे आणि त्याच्या ड्रॉइंगवरच्या टिपा वाचणारं माणूस कंपनीला हवं होतं. नोंदणीची मुदत प्रत्येक देशात वेगवेगळी असते; थायलंडची अजून चालू होती. शिवाय भारतीयांना तेव्हा तिथं पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता आणि मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत पोचतं. परीक्षा कुठंही द्या, प्रमाणपत्राची किंमत तीच. म्हटलं, चला.

आईची चिंता वेगळी. "तिथं किडंबिडं खात्यात म्हणं" असं म्हणत तिनं भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बॅगेत कोंबल्या. त्यापायी व्याकरणाचं जाड पुस्तक मागंच राहिलं, ते एका अर्थी बरंच झालं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबई. विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "एकटेच? कशासाठी?" मी म्हटलं, परीक्षेसाठी. त्याच्या चेहऱ्यावर शिरोलीतलंच हसू. पुन्हा प्रवेशपत्र काढलं. त्या कागदाला एवढा भाव आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

थायलंडचं आगमनपत्र 2025 पासून ऑनलाइन भरावं लागतं. ते घरूनच भरून निघालेलं बरं. सुवर्णभूमी विमानतळाच्या पोटातूनच शहरात जाणारी रेल्वे निघते, फाया थाय स्टेशनपर्यंत 45 बात (थायलंडचं चलन). टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करायची गरजच नाही. एक गोष्ट मात्र परीक्षेला येणाऱ्यानं ध्यानात ठेवावी: थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. तिथं सकाळचे सात वाजतात तेव्हा आपलं शरीर साडेपाचची झोप काढत असतं. मी शुक्रवारीच पोचलो होतो म्हणून निभावलं.

केंद्र एका विद्यापीठात होतं. फाटकाबाहेर शाळकरी पोरांपासून पन्नाशीच्या गृहस्थांपर्यंत तोबा गर्दी, आणि जो तो शेवटच्या क्षणाला कांजी, म्हणजे जपानीतली चित्रलिपी, घोकतोय. आत शिरल्यावर खरी गंमत. पर्यवेक्षक बाई सूचना देत होत्या थाई भाषेत. जपानीच्या परीक्षेला बसलेला कोल्हापूरकर, आणि अडला कुठं, तर थाईत! शेजाऱ्यानं मोबाईल बंद केला की मी बंद करायचा, त्यानं तो लिफाफ्यात घातला की मी घालायचा, असं चाललं होतं. या परीक्षेत फुटबॉलसारखी पिवळी आणि लाल कार्डं असतात. मोबाईल वाजला की लाल कार्ड, सरळ घरी. त्यामुळं बंद केलेला फोनही मी दोनदा तपासला.

एन-टूला शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून 105 मिनिटं असतात. ती पुरत नाहीत. शेवटचे उतारे मी अक्षरशः पळत वाचले. ऐकण्याचा भाग 50 मिनिटांचा, आणि त्यात एक प्रकार असा की पानावर काही छापलेलंच नसतं. कुणीतरी एक वाक्य बोलतं, त्याला तीन उत्तरं ऐकवतात, बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा. एकदाच ऐकवतात. मागच्या उत्तराचा विचार करत बसलात की पुढचंही हातचं गेलं. माझ्या मागं एकजण नेमका तेव्हाच खोकायचा. मनातल्या मनात त्याला अस्सल कोल्हापुरी शिव्या दिल्या.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एका थाई मुलीनं गोळी पुढं केली, आल्याची. चोनबुरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीत ती कामाला होती. मला थाई येत नाही, तिला इंग्रजी जेमतेम. मग मोडक्यातोडक्या जपानीत सुरू झालं. तिला क्वालिटीवाल्या जपानी साहेबाची बोलणी समजून घ्यायची होती, मला ड्रॉइंग. कास्टिंगमध्ये हवेची भोकं राहिली की ग्राहक कसा पिसाळतो, यावर आमचं शंभर टक्के एकमत झालं. वर्गात एवढी वर्षं जे बोलायला तोंड उघडत नव्हतं, ते तिथं दहा मिनिटांत बिनधास्त बोललो. चुका तिच्याही, माझ्याही. हटकणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी फ्रोम फोंगला गेलो. बँकॉकमधली जपानी वस्ती सुखुम्वित रस्त्यालगतच्या या भागात एकवटलीय. गल्लीत शिरलं की पाट्या, मेनू, दवाखाने, सगळं जपानी. परीक्षेतल्या उताऱ्यांपेक्षा न्हाव्याच्या दुकानावरचं दरपत्रक मला जास्त सहज वाचता आलं, हे शिक्षकांनी ऐकलं तर काय म्हणतील कोण जाणे. किनोकुनिया या पुस्तकांच्या दुकानातून एन-वनचं पुस्तक घेतलं. रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्स, मागवलं, त्यात हळूच आईची चटणी घातली. जपानी पाककृतीवर अन्याय झाला असेल, पण चव झकास आली.

निकाल जानेवारीच्या अखेरीस ऑनलाइन लागला. एन-टूला 180 पैकी 90 लागतात आणि शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं या तिन्ही भागांत प्रत्येकी किमान 19. पास झालो, ऐकण्यात बरे गुण, वाचनात काठावर. साहेबांनी पेढे मागितले आणि त्याच दुपारी ग्राहकाकडून आलेलं नवं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आणून टाकलं. कोपऱ्यातली टीप त्या जपानी इंजिनिअरनं पेनानं खरडलेली होती, आणि अक्षर असं की एन-वनवालाही डोकं धरून बसेल.