राजाचा घोडा

इंग्लंडच्या राजांवरची शेक्सपिअरची नाटकं बघताना सगळ्यांचे डोळे मुकुटावर असतात, आणि ते साहजिकच आहे. मुकुट समोर दिसतो, या हातातून त्या हातात जातो. बाप मरणपंथाला लागलेला असताना पोरगा त्याच्या उशीवरचा मुकुट उचलून स्वतःच्या डोक्यावर घालून बघतो. मला मात्र हल्ली या नाटकांतल्या घोड्यांचा नाद लागला आहे. गंमत म्हणजे ते रंगमंचावर येतच नाहीत. 'पाचवा हेन्री'चा सूत्रधार सुरुवातीलाच हात वर करतो: आम्ही घोड्यांचं नाव काढलं की त्यांच्या टापा मातीत उमटताना तुमच्या तुम्हीच बघा! पण हे न दिसणारे घोडे आपापल्या धन्याविषयी जे सांगून जातात, ते भल्याभल्या सरदारांना लांबलचक भाषणांतूनही जमत नाही.

त्यातला माझा लाडका बार्बरी. हा दुसऱ्या रिचर्डचा घोडा.

रिचर्ड १३७७ साली, वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर आला. राजा नसणं म्हणजे काय असतं, हे नाटकातल्या रिचर्डला ठाऊकच नाही. अख्ख्या समुद्राचं पाणी ओतलं तरी राज्याभिषेकाचं तेल धुतलं जायचं नाही, असं तो म्हणतो आणि ते त्याला मनापासून खरं वाटतं. त्याच तोऱ्यात तो मेलेल्या काकाची इस्टेट जप्त करतो. काकाचा मुलगा बोलिंगब्रोक हद्दपारीतून परततो. आधी म्हणतो, मला फक्त माझ्या वाट्याचं हवंय. मग १३९९ मध्ये राज्यच घेऊन चौथा हेन्री होऊन बसतो. गादी सोडताना रिचर्ड आरसा मागवतो, त्यात आपलं तोंड निरखतो आणि आरसा फोडतो. हा प्रसंग एलिझाबेथ राणीच्या हयातीत छापलाच गेला नाही. १५९७ च्या प्रतीत तो नाही, १६०८ च्या प्रतीत आहे. १६०१ मध्ये एसेक्सच्या अर्लच्या माणसांनी राणीविरुद्धच्या बंडाच्या आदल्या दिवशी हे नाटक मुद्दाम लावायला लावलं. नट कुरकुरले, फार जुनं झालंय, कोण येणार बघायला? वर ४० शिलिंग मिळाल्यावर ते तयार झाले. बंड फसलं, अर्लचं मुंडकं उडालं, नट सहीसलामत सुटले.

असो. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. रिचर्ड पाँफ्रेटच्या किल्ल्यात कैदेत आहे. त्याला भेटायला एकच माणूस येतो, त्याच्याच पागेतला मोतद्दार. नाटककारानं त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. यॉर्ककडे जाता जाता, बऱ्याच खटपटीनं परवानगी मिळवून, जुन्या धन्याचं तोंड बघायला तो आला आहे. आणि बोलता बोलता सांगून जातो की राज्याभिषेकाच्या दिवशी बोलिंगब्रोक लंडनच्या रस्त्यांवरून निघाला तो बार्बरीवर बसून. ज्यावर महाराज इतक्यांदा बसले आणि ज्याला मी इतक्या निगुतीनं खरारा केला, त्याच बार्बरीवर.

रिचर्ड विचारतो, त्याच्याखाली कसा चालत होता रे तो?

मोतद्दार खरं सांगतो. जमिनीला पाय लावणंही कमीपणाचं वाटावं, अशा ऐटीत.

इथे रिचर्ड उखडतो. माझ्या हातून पाव खाल्लाय त्या तट्टानं! याच हाताच्या थापांनी त्याला तोरा आला! त्याला ठेच लागू नये? त्यानं पडू नये, त्या गर्विष्ठाची मान मोडू नये? आणि पुढच्याच श्वासात तो घोड्याची क्षमा मागतो. तू ओझं वाहायलाच जन्मलास, तुझ्यावर कशाला चिडू? मी घोडा नाही, तरी गाढवासारखं ओझं वाहतोच आहे की. राज्य जाताना या माणसानं पानंच्या पानं कविता केली होती. घोड्याची बातमी ऐकल्यावर मात्र त्याचा आवाज पहिल्यांदाच तुमच्या-आमच्यासारखा होतो. साहेबांची बदली झाली की दुसऱ्या दिवशी तीच गाडी नव्या साहेबांच्या दारात उभी राहते, आणि सुरूही पहिल्या किल्लीत होते. जुन्या साहेबांना खुपतं ते हेच, की ती कुरकुरतसुद्धा नाही.

फ्रुआसार नावाच्या फ्रेंच बखरकारानं रिचर्डच्या शिकारी कुत्र्याची अशीच हकिकत लिहून ठेवली आहे. हा कुत्रा राजाखेरीज कुणाला ओळखत नसे. एक दिवस तो रिचर्डला सोडून बोलिंगब्रोकच्या अंगावर लाडानं झेपावला. बखरीतला रिचर्ड शांतपणे म्हणतो, हे जनावर तुला राजा म्हणून मानवंदना देतंय. ते खरं घडलं असो वा नसो, मला नाटकातला घोडाच जास्त पटतो. कुत्र्यानं निदान बाजू बदलली. बार्बरीला बाजू नावाचं काही असतं हेच माहीत नाही.

पुढच्या नाटकात, 'चौथ्या हेन्री'त, राजाविरुद्ध उठलेला तरुण सरदार हॉटस्पर भेटतो. बायको काकुळतीला येऊन विचारते, तुम्हाला माझ्यापासून ओढून कोण नेतंय? हा म्हणतो, माझा घोडा, लाडके, माझा घोडा! तोच माझं सिंहासन, असंही मघाशी म्हणून झालेलं असतं. असा माणूस राज्य मिळवायला निघू शकतो, चालवू शकत नाही.

याच नाटकात युवराज हॅलचा दोस्त फॉल्स्टाफ वाटमारीला निघतो तेव्हा सोबती त्याचा घोडा लपवून ठेवतात आणि तो जाडा म्हातारा रस्त्यात शिव्या देत उभा राहतो. त्याच्या हिशेबी खडबडीत रस्त्यावरची आठ यार्डं म्हणजे सत्तर मैल. इथवर आपण हसतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी बातमी येते, म्हातारा राजा वारला, आपला जिगरी युवराज हॅल आता राजा! ऐकल्याबरोबर फॉल्स्टाफचं पहिलं फर्मान काय, तर कुणाचेही घोडे घ्या, इंग्लंडचे कायदे आता माझ्या हातात आहेत. मला त्याच्याबद्दल जी काही माया आहे, ती या वाक्याशी दर वेळी अडखळते. सत्तेची नुसती झुळूक लागली आणि माणूस लोकांच्या तबेल्यात शिरला. तो धावत लंडनला पोचतो आणि नवा राजा त्याला म्हणतो, म्हाताऱ्या, मी तुला ओळखत नाही. लोक हॅलला निष्ठुर म्हणतात. आहेच तो. पण ज्यांचे घोडे सोडवून नेले त्यांना काय वाटलं असेल, हे कुणी विचारत नाही.

हाच हॅल पुढे पाचवा हेन्री होऊन फ्रान्समधल्या आजिनकूरला लढायला जातो. १४१५ मधल्या त्या लढाईच्या आदल्या रात्री फ्रेंच युवराज घोड्याचे गोडवे गात बसलेला असतो. त्यानं घोड्यावर सुनीतही रचलेलं आहे, आणि सोबतचे सरदार त्याची यथेच्छ टिंगल करतात. हेन्री त्याच रात्री एका म्हाताऱ्या सरदाराचा झगा पांघरून पायी छावणीत फिरतो आणि विल्यम्स नावाच्या साध्या शिपायाकडून खरमरीत ऐकून घेतो. लढाईचं कारणच खोटं असलं तर तुटलेल्या हातापायांचा हिशेब राजाला द्यावा लागेल. हेन्रीला ते झोंबतं, तो वादही घालतो. घोड्यावरून हे त्याला ऐकू आलं नसतं.

रणांगणात घोडा मेल्यावरची तिसऱ्या रिचर्डची आरोळी तर ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांनाही पाठ असते: घोडा! घोड्यापायी माझं राज्य देतो! पुष्कळांना वाटतं, त्याला पळायचं होतं. नाही. त्याचाच माणूस केट्सबी त्याला म्हणतो, मागे हटा, मी घोडा मिळवून देतो, तर रिचर्ड त्यालाच झापतो. त्याला घोडा हवाय तो शत्रूला गाठायला. ज्या राज्यासाठी त्यानं कोवळे पुतणेसुद्धा मारवले, ते तो एका जनावरावर ओवाळून टाकतो आणि भाव जास्त वाटत नाही. खऱ्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला, तो मोटारी लावण्याच्या जागेखाली. शेक्सपिअरनं असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

पण राहून राहून मन बार्बरीच्या मोतद्दाराकडे जातं. जॉन बार्टन या दिग्दर्शकानं १९७३ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी 'दुसरा रिचर्ड' बसवलं, त्यात कैदेत येणारा मोतद्दार म्हणजे वेष पालटून आलेला खुद्द बोलिंगब्रोकच होता. दोन नट आलटून पालटून रिचर्ड आणि बोलिंगब्रोक करत होते, त्यामुळे कल्पना चमकदार ठरली आणि तिचं कौतुकही झालं. मला ती मान्य नाही. राजानं राजाला भेटण्याचे प्रसंग या नाटकांत ढिगानं आहेत. शिवाय बार्बरी ऐटीत चालला हे सांगताना मोतद्दाराला दुःख होतं तसा थोडा अभिमानही वाटत असणार, कारण घोडा तयार त्यानं केलेला. तो अभिमान बोलिंगब्रोक कुठून आणणार? तो फक्त वर बसला होता.