ओल्या मातीवरचा ॲक्सोलॉटल

मे महिन्यातली दुपार. धुळ्यात पारा ४३ च्या पुढे गेला की माझ्या दवाखान्यात उन्हाने धापा टाकणारी कुत्री आणि दूध आटलेल्या म्हशींचे मालक, एवढेच येतात. त्या दिवशी साडेतीनच्या सुमारास साक्रीकडचे बाप-लेक आले, सोबत आजी. मुलगा नववीतला. त्याच्या हातात प्लॅस्टिकचा उथळ ट्रे होता, त्यावर ओलं गोणपाट. त्याने गोणपाट बाजूला केलं. आत ओल्या मातीवर वीतभर लांबीचा, शेवाळी-तपकिरी रंगाचा प्राणी निपचित पडला होता.

"काका, हा ॲक्सोलॉटल नाहीये. आम्हाला टायगर सॅलॅमँडरचं पिल्लू दिलंय. याचे कल्ले झडायला लागलेत, आता हा जमिनीवरचा होणार. म्हणून मी रात्री पाण्यातून काढला."

आजी टेबलाला धरून उभी होती. "हाई मासा शे का पाल शे, माले कळत नई. पन पोरगं रातभर जपनं नई," ती म्हणाली.

ॲक्सोलॉटल काय नि टायगर सॅलॅमँडर काय, दोन्ही सॅलॅमँडरच, म्हणजे बेडकासारखे उभयचर, पण पालीसारखे शेपटीवाले. पोराने मोबाइलवर बरंच वाचलं होतं आणि जे वाचलं ते खोटं नव्हतं. टायगर सॅलॅमँडरच्या पिल्लालाही डोक्यामागे पिसांसारखे कल्ले असतात, तेही पाण्यातच वाढतं. अमेरिकेत ही पिल्लं गळाला लावायचं आमिष म्हणून विकतात. फरक पडतो तो पुढे. मोठं होताना त्याचे कल्ले आटतात आणि ते फुप्फुसांवर श्वास घेत जमिनीवर येतं. ॲक्सोलॉटल मात्र सहसा जन्मभर पिल्लाच्याच रूपात राहतो, कल्ल्यांसकट वयात येतो, अंडीही तशीच घालतो. त्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीजवळचा झोचिमिल्कोचा पाणथळ भाग. तिथे तो आता अगदी थोडा उरलाय.

बापाला पहिल्या दिवसापासून संशय होता. विकणाऱ्याच्या फोटोत गुलाबी प्राणी, घरी आला काळपट. पण काळपट हाच ॲक्सोलॉटलचा मूळचा रंग. गुलाबी-पांढरा, काळ्या डोळ्यांचा हा पाळीव वाण.

माझ्यासमोरचा प्रश्न साधा होता आणि जीवघेणाही. हा खरोखर रूप बदलत असेल तर खोल पाण्यात टाकल्यावर बुडून मरेल. बदलत नसेल तर मातीवर सुकून मरेल. आणि मी ॲक्सोलॉटल आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता. आपल्या महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीतच, भारतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे. शेजारी ठेवून ताडून बघावं असं काही हाताशी नव्हतं. बापाला तसं स्पष्ट सांगितलं आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला.

"मागच्या पायाची बोटं मोज," तो म्हणाला.

हात पाण्याने ओले करून मी प्राणी उचलला. डाव्या पायाला बोटं चार. मित्र गप्प झाला. मागे चारच बोटं असलेला मडपपी नावाचा तिसराच एक सॅलॅमँडर असतो, त्याचेही कल्ले जन्मभर राहतात. मग उजवा पाय पाहिला. तिथे पाच. पुन्हा डावा पाय टॉर्चखाली धरला, तेव्हा चौथ्या बोटाशेजारी तुटल्याचा बारीक ठिपका दिसला. टाकीत दोन गोल्डफिश होते, मुलाने सांगितलं. त्यांनीच कुरतडलं असणार, कल्ल्यांचे शेंडेही.

मग बोटांचा आकार. ती बारीक, सडपातळ होती. टायगर सॅलॅमँडरच्या पिल्लाची बोटं बुडाशी रुंद, चपटी आणि टोकाला निमुळती असतात. निम्मं उत्तर मिळालं होतं. निम्मंच, कारण ॲक्सोलॉटलही क्वचित रूप बदलतो. मित्राने पॅरिसची हकिकत सांगितली. १८६४ साली तिथले प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्त द्युमेरिल यांच्याकडे मेक्सिकोहून आलेले सहा ॲक्सोलॉटल पोहोचले. पुढच्या वर्षी त्यांच्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले गळाले आणि ती जमिनीवरची झाली. तेव्हा जात ठरली तरी पाणी की माती, हे ठरत नव्हतं.

"आता कल्ले विसर. डोळे बघ," मित्र म्हणाला.

मी टॉर्च तिरका धरला. डोळा बारीक, गोल, कातडीला जवळजवळ समपातळीत. बुबुळाभोवती सोनेरी कडी. वर-खाली पापणीची घडी नाही. रूप बदलणाऱ्या प्राण्याचे डोळे फुगून वर येतात, पापण्या धरतात. पाठीवरची झालरही आटत जाते. इथे ती डोक्यामागून शेपटीच्या टोकापर्यंत शाबूत होती, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, फक्त कडेला सुकलेली. कल्ले सोडले तर अंगावर बदलाची एकही खूण नव्हती.

मुलाने टाकीचं पाणी बाटलीत आणलं होतं, फार शहाणपणाचं काम केलं त्याने. घरून निघतानाच त्याने ते मोजलं होतं, ३१ अंश. या प्राण्याला १६ ते १८ मानवतं, २४ च्या वर त्रास सुरू होतो. मागच्या गल्लीतल्या फिश टँकवाल्याकडून पाण्यातला अमोनिया तपासायची किट मागवली. नळीतलं पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि अमोनिया जास्त जहरी. कल्ले त्यानेच करपले होते.

म्हणजे ॲक्सोलॉटलच, आणि आजारी. मातीवरून ताबडतोब पाण्यात.

पण गार पाणी आणायचं कुठून? आमच्या नळाचं पाणी त्या वेळी अंघोळीला चालेल इतकं तापलेलं. "रांजन से ना घरमा," आजी म्हणाली. तिचं बरोबर होतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत रांजणाचं पाणी चांगलं निवतं, आणि रात्रभर उघडं राहिलं की क्लोरीनही उडून जातं. माझ्या दवाखान्यातला माठ त्या दिवशी कामी आला. टबात माठाचं पाणी, ओलं फडकं गुंडाळून वर पंखा, आणि बर्फाच्या बंद बाटल्या एकेक करून. एकदम गार केलं तर धक्का बसतो, म्हणून रात्री दहापर्यंत हळूहळू १९ वर आणलं. औषध काही दिलं नाही. पहिला अर्धा तास तो हललाही नाही. मग टबाच्या तळाशी पाय रोवून त्याने कल्ले एकदा झटकले आणि पोराने माझा दंड घट्ट धरला.

बापाला सांगितलं, भाऊ, गोल्डफिश वेगळे ठेवा, रोज थोडं पाणी बदला, आणि खान्देशचा उन्हाळा काढायचा असेल तर टाकीला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागेलच. शिवाय हा प्राणी सायटेसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. त्यांच्याकडे पावतीसुद्धा नव्हती. विकणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

तीन आठवड्यांनी मुलाने फोटो पाठवला. कल्ल्यांवर लालसर, मऊ लव परत आली होती. दुसऱ्या फोटोत डावा मागचा पाय, अगदी जवळून. चार बोटांच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढा पाचवा कोंब होता.