मण्यार, पत्रकार आणि माझं अर्धं वाक्य

मी रत्नागिरी जिल्ह्यात सर्पमित्र म्हणून काम करते. जून लागला की घरात साप निघाल्याचे फोन सुरू होतात आणि पाठोपाठ पत्रकारांचेही. पहिल्यांदा एका पेपरमधून फोन आला तेव्हा मी लावणीत होते, बांधावर उभं राहूनच अर्धा तास बोलले, नाग, घोणस, फुरसं, मण्यार सगळं सांगितलं. मी म्हणलं होतं की मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखत नाही, रात्री झोपेत चावते, खूणही धड दिसत नाही, म्हणून लोक दवाखान्यात जात नाहीत आणि पहाटे पोट दुखतं, पापण्या उघडत नाहीत, श्वास अडकतो. छापून काय आलं तर "मण्यारीचा दंश दुखत नाही", पुढचं गायब! दोन रात्री झोप नाही मला. तेवढंच वाचून कुणी सकाळपर्यंत थांबलं असतं तर?

रागाने फोन करणार होते, पण त्यांच्याकडे जागा दहा ओळींची आणि मी दिलेलं अर्ध्या तासाचं, काय ठेवायचं ते त्यांनी ठरवलं कारण मी ठरवलंच नव्हतं. तेव्हापासून जीव वाचवणारी गोष्ट वाक्यात आधी. "दुखलं नाही तरी लगेच सरकारी दवाखाना गाठा, मण्यारीचा चावा बऱ्याचदा दुखत नाही." कुठेही कापा, पहिला भाग राहतो.

नंतर टीव्हीवाले येणार होते तेव्हा आधीच विचारून घेतलं, लाईव्ह का रेकॉर्डिंग, किती वेळ दाखवणार. म्हणाले वीस सेकंदांचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेला तुकडा. मग तीनच गोष्टी कागदावर काढल्या, दुखलं नाही तरी दवाखाना, घट्ट दोरी बांधू नका किंवा जखम चिरू नका, १०८ ला फोन करा. वहिनीला मोबाईल धरायला लावून सात-आठ वेळा बोलले. नुसतं "हो, बरोबर" म्हणायचं नाही, प्रश्न उत्तरात घ्यायचा, कारण रिपोर्टरचा प्रश्न बऱ्याचदा कापला जातो. आकडा एकच दिला, २००० ते २०१९ मध्ये भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. तोही व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला, तोंडी सांगितलेला आकडा हमखास चुकतो.

कॅमेरामन दादा म्हणाले साप हातात घ्या ना, व्हिज्युअल चांगलं येईल. मी स्पष्ट नाही म्हणलं, पोरं तेच बघून करायला जातात. चारही सापांचे फोटो दिले.

अवघड प्रश्न शेवटी आला, शेजारच्या गावात एकजण गेला तर दवाखान्यात लस नव्हती का? मला माहीत नव्हतं. "त्या केसची माहिती माझ्याकडे नाही, डॉक्टरांना विचारा" एवढंच बोलले. त्यांनी माईक तसाच धरून ठेवला, अशा वेळी गप्प राहणं फार जड जातं आणि माणूस काहीतरी अंदाजपंचे बोलून बसतो. मी गप्प राहिले.

रात्री बातमीत पंधरा-सोळा सेकंद आले, बाकी सगळं कापलेलं. पण "दुखलं नाही तरी" पासून "दवाखाना गाठा" पर्यंत अख्खं होतं. वहिनीला ते ऐकून ऐकून पाठ झालंय, ती आता वाडीत तसंच सांगत फिरते.